जिवंत माणसाचे चरित्र

विज्ञानदिनासाठी शास्त्रज्ञांची चरित्रे लिहायला सांगितली की मुले न्यूटन, मेरी क्यूरी, रामन अशी नावे निवडतात. हयात शास्त्रज्ञ त्यात क्वचितच असतो. कोशकारांनाही हयात व्यक्तींची नोंद नेहमीच अवघड वाटत आली आहे.

ब्रिटनमध्ये १८८५ साली लेस्ली स्टीफन यांनी संपादित केलेल्या ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्रफी’चा पहिला खंड निघाला. त्यात फक्त दिवंगतांना जागा होती. हयातांची माहिती ‘हूज हू’ या वार्षिकात मिळे. १८९७पासून त्याचे संपादक प्रत्येकाला प्रश्नावली पाठवून माहिती मागवू लागले. तपशील मिळाले, पण सांगणारा आणि ज्याच्याविषयी सांगायचे तो, दोघे एकच!

२००१ साली विकिपीडिया सुरू झाला आणि कोणालाही नोंद लिहिता येऊ लागली. मे २००५मध्ये एका अनामिकाने जॉन सायगेनथॉलर या अमेरिकन पत्रकारांच्या नोंदीत धडधडीत खोटा मजकूर घातला. केनेडी बंधूंच्या हत्यांशी यांचा संबंध असल्याचा संशय होता, असे त्यात म्हटले होते. वस्तुतः सायगेनथॉलर हे रॉबर्ट केनेडींचे एकेकाळचे सहायक. हा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. इतर संकेतस्थळांवरही उतरला. नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून ही हकीकत मांडली. डिसेंबर २००५मध्ये विकिपीडियाने हयात व्यक्तींसाठी वेगळे धोरण तयार केले. त्याचा गाभा असा : वादग्रस्त विधानाला भक्कम आधार नसेल, तर चर्चेची वाट न पाहता ते काढून टाकावे.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. तोच मजकूर तीन ठिकाणी सापडला म्हणजे तीन पुरावे झाले, असे नाही. प्रयोगशाळेत एकाच तापमापीचे वाचन तीन वह्यांत उतरवले, तरी निरीक्षण एकच राहते. तापमापी चुकीची असेल तर तिन्ही वह्या चुकीच्या. स्रोत स्वतंत्र हवा, तो याचसाठी.

पण या नियमाची दुसरी बाजूही आहे. डॉना स्ट्रिकलंड यांनी जेरार मुरू यांच्याबरोबर अतितीव्र लेसर स्पंद निर्माण करण्याची पद्धत १९८५ साली प्रसिद्ध केली. २०१३ साली त्या अमेरिकेतील ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्षा होत्या. तरीही मे २०१८मध्ये त्यांच्यावरील नोंदीचा मसुदा विकिपीडियावर नाकारला गेला. स्वतंत्र स्रोतांत त्यांची पुरेशी दखल दिसत नाही, हे कारण होते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकीचे नोबेल जाहीर झाले, आणि त्याच दिवशी नोंद तयार झाली!

मग नियम चुकला का? मला तसे वाटत नाही. तो सैल केला तर आणखी एखादा सायगेनथॉलर होईल. पण कोश हा आधी कोणीतरी लिहिलेल्यावरच उभा राहतो. वृत्तपत्रांनी आणि मासिकांनी ज्यांच्याकडे पाहिलेच नाही, त्यांची जागा तटस्थ कोशातही रिकामीच राहते. ती भरायची तर त्यांच्याविषयी आधी इतरत्र, पारखून लिहिले गेले पाहिजे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांना एखाद्या हयात शास्त्रज्ञाविषयी दहा वाक्ये लिहू द्या. प्रत्येक वाक्यासमोर समासात आधार लिहायचा : त्या व्यक्तीने स्वतः सांगितले, तिच्या संस्थेने सांगितले, की तिसऱ्याने तपासून लिहिले? ‘थोर’, ‘महान’ ही विशेषणे खोडून त्या जागी केलेले काम आणि वर्ष लिहायचे. ‘आरोप झाला’ आणि ‘सिद्ध झाले’ यांतला फरक पाळायचा. समास कोरा राहिला, तर वाक्य काढून टाकायचे.

दहापैकी चारच वाक्ये उरली तरी हरकत नाही. आपण ज्यांच्याविषयी लिहितो, ती व्यक्ती उद्या ते वाचू शकते, हे भान त्या चार वाक्यांत असेल.