मिरजेची तंतुवाद्ये

सांगली जिल्ह्यातील मिरज येथे घडवली जाणारी तंबोरा, सतार आदी वाद्ये. हिंदुस्थानी संगीतात ‘मिरजेचा तंबोरा’ हे शब्द गुणवत्तेची खूण म्हणूनच वापरले जातात.

हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला असे साधारणतः मानतात. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. संस्थानी सैन्ये उतरणीला लागल्यावर त्यांचे काम कमी झाले. दरबारातील गवयांची उत्तरेकडून आणलेली वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे बंधू मोईनुद्दीन नवी वाद्ये घडवू लागले, अशी परंपरागत हकीकत आहे. पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. पुढे या कुटुंबांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावले. दुरुस्तीतून निर्मिती हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

साहित्य : भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तो कडू जातीचा, खाण्यास निरुपयोगी. त्याचा आकार मागणीप्रमाणे मिळत नसल्याने कारागीर आधी भोपळा निवडतो, मग त्याला साजेल अशी दांडी. वाळलेला भोपळा कापून भिजवतात, आकार नीट करून पुन्हा सुकवतात आणि ‘गुलू’ नावाच्या लाकडी सांध्याने दांडीला जोडतात. तबली व दांडीसाठी तुणीचे लाकूड अधिक वापरले जाते. पावसाळ्यात सुकवण्याचे काम रेंगाळते. पुरुष गायकांचे तंबोरे मोठे, खालच्या पट्टीचे. स्त्रियांचे आकाराने लहान, वरच्या पट्टीचे.

जवारी : वाद्य कितीही देखणे असले तरी त्याची किंमत घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, ठरते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा किंचित बाकदार असतो. छेडलेली तार या बाकावर घासत कंप पावते, त्यामुळे तिची लांबी क्षणोक्षणी बदलते आणि वरचे स्वयंभू स्वर उमटतात, हीच जवारी. तारेखाली सुताचा धागा सरकवून ही जागा नेमकी साधतात, तोच ‘जव’. धागा केसभर पुढेमागे झाला तरी नाद मिटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवले की, ज्या बिंदूवर तार छेडली तेथे ज्यांचा निस्पंद बिंदू पडतो, तेही स्वर या वाद्यात ऐकू येतात. तारेच्या कंपनाविषयी युरोपात मांडलेल्या नियमानुसार ते उमटू नयेत. कारागिरांना ही गोष्ट कानाने आधीच ठाऊक होती, हे सांगायला हवे.

वापराने घोडीवर तारांचे चरे पडतात आणि आवाज बसतो. मग कानस व पॉलिश कागदाने घोडी घासून ‘जवारी काढावी’ लागते. थोडे घासायचे, तार चढवायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची. या कामाला माप नाही. दुरुस्तीतील हे सर्वांत अवघड काम होय. जास्त घासलेल्या घोडीला उपाय नसतो, ती बदलावीच लागते. पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत व सांबरशिंग वापरत. वन्यजीवविषयक कायद्यांमुळे आता हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. सतारीत खुली (अधिक गुंजणारी) आणि बंद (कमी गुंजणारी) अशा जवाऱ्यांचा भेद पाळला जातो.

इतर दुरुस्ती : भोपळ्याला तडा गेल्यास आतून कापडाची पट्टी चिकटवतात, खुंटी घसरू लागल्यास तिला खडू लावतात.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. वाद्यदुरुस्ती त्यांना स्वतःला येत असे. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेतील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. गवई आणि कारागीर एकाच गावात राहिल्याने मिरजेच्या जवारीला वळण मिळाले, हे संपादकाचे मत.

गज (सारंगी, दिलरुबा वाजवण्यासाठी) : घोड्याच्या शेपटीचे केस व राळ.

१९८० नंतर इलेक्ट्रॉनिक तंबोरे आले आणि पुढे मोबाइलवरील तंबोराही. रोजच्या रियाजातील मागणी त्यामुळे घटली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये स्वतंत्र भौगोलिक मानांकने मिळाली. सारंगी, दिलरुबा व त्यांचे गज यांचा त्यांत समावेश नाही.