गर्भिणीची साखर आणि संततीचे आरोग्य

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीने काय टाळावे याची एक यादी आहे. नित्य खारट खाणाऱ्या स्त्रीच्या मुलाचे केस अकाली पिकतात, आणि नित्य गोड खाणाऱ्या स्त्रीस प्रमेही, मुके किंवा अतिस्थूल मूल होते, असे तेथे सांगितले आहे. या यादीतील पुष्कळ विधाने आजच्या कसोटीस उतरत नाहीत. तेव्हा एक विधान जुळले म्हणून पूर्वजांस सारे ठाऊक होते असा डंका पिटणे योग्य नव्हे. परंतु आईच्या आहाराची खूण संततीच्या देहावर उमटते काय, हा विचार तेथे झाला होता, एवढे श्रेय चरकास दिलेच पाहिजे. त्याचे मोजूनमापून उत्तर मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले, आणि त्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्याच महाराष्ट्रातील खेड्यांत सापडला.

प्रथम साखरेचाच इतिहास पाहू. साखरपुड्यापासून बारशापर्यंत आपले एकही शुभकार्य गोडावाचून होत नाही. याचे कारण साधे आहे. रोजच्या ताटात ज्वारीची भाकरी, वरण आणि अंबाडीची भाजी. गोड लागलेच तर गूळ, आणि तोही बहुधा सणावारी. जे दुर्मिळ असते तेच शुभ ठरते. हे चित्र गेल्या शंभर वर्षांत पालटले. बीडच्या डोंगरात उगम पावून लातूरच्या मुलखातून वाहणाऱ्या मांजरा नदीवर १९३१ मध्ये निझामसागर धरण पुरे झाले. त्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि १९३७ मध्ये आपल्या बिलोलीच्या पलीकडे, बोधन येथे, निझाम शुगर फॅक्टरी स्थापन झाली. नांदेड व बोधन तेव्हा एकाच हैदराबाद संस्थानात होते. पुढे प्रवरेकाठी सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये झाला आणि १९८० नंतरच्या दशकात लातूरजवळ मांजरा सहकारी कारखाना उभा राहिला. सणाची वस्तू चहाच्या कपातून दररोज पोटात जाऊ लागली. चाल तीच राहिली, प्रमाण मात्र बदलले.

आता गर्भाकडे वळू. आईच्या रक्तातील साखर वारेतून गर्भाकडे जाते. ती साखर आवरणारे आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. म्हणून आईची साखर वाढली की गर्भाचे कोवळे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्सुलिन तयार करू लागते, आणि त्यायोगे गर्भाच्या अंगी चरबी साठते. कोपनहेगनचे डॉ. पेडरसन यांनी १९५० नंतरच्या दशकात ही उपपत्ती मांडली. अशा मुलांस पुढे स्थूलता व मधुमेह यांचा धोका अधिक असतो, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले.

परंतु सर्वसाधारण निरोगी आईने खाल्लेल्या साखरेचे काय? याचा पुरावा इंग्लंडातील एका सरकारी हुकुमाने अनायासे पुरविला. महायुद्धामुळे तेथे १९४० पासून साखरेचे रेशन होते. ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि माणशी रोजचा खप सुमारे ४० ग्रॅमवरून थोड्याच काळात ८० ग्रॅमच्या घरात गेला. रेशन उठण्याच्या आगेमागे जन्मलेल्या सुमारे साठ हजार माणसांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भावस्थेत व पहिल्या दोन वर्षांत रेशनखाली वाढलेल्यांत मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. त्या लाभापैकी सुमारे तिसरा हिस्सा केवळ गर्भावस्थेतील रेशनचा होता. बाकीचा बाळाच्या स्वतःच्या वाटीतील साखरेचा, हे विसरता कामा नये.

मात्र इंग्लंडचा धडा जसाच्या तसा येथे लागू होत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भिणींची पाहणी केली. त्या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे इंग्लंडातील बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी भरली. स्नायू कमी, पोटातील इंद्रिये लहान. पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच! दिसायला बारीक, आतून मेदयुक्त, असे हे बाळ. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे मोठी होती. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा मुलांपैकी ३७ व मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर बिघडू लागली होती, आणि तीही जवळजवळ निम्म्यांचे वजन कमी असताना!

याचा अर्थ मराठवाड्याने नीट समजून घ्यावा. ज्या मुलखात १९७२ च्या दुष्काळात बायका खडी फोडत होत्या आणि सुकडीवर व मिलो ज्वारीवर दिवस काढत होत्या, त्याच मुलखात एका पिढीच्या आत साखर स्वस्त झाली. उपाशी आईच्या पोटी घडलेला देह काटकसरीसाठी घडतो. त्यास पुढे सुकाळाचे ओझे पेलत नाही. आमच्या मते आपला प्रश्न केवळ साखरेचा नव्हे. भुकेच्या पाठोपाठ साखर आली, हे आपले दुखणे आहे.

म्हणून याचा दोष गर्भिणीच्या माथी मारणे हा अन्याय होईल. घरात शेवटी जेवणारी, उरलेल्यावर भागवणारी स्त्री 'दोन जिवांची' झाली की तिच्यापुढे पेढे ठेवायचे, पण भाजी आणि दूध तिच्या वाट्यास येईल की नाही हे पाहायचे नाही, हा घरचा दोष आहे. डोहाळजेवण अवश्य करावे, ओटीही भरावी. पण रोजच्या ताटाची काळजी सातव्या महिन्यापर्यंत थांबत नाही. ती मुलगी वयात येते तेव्हाच सुरू झाली पाहिजे. सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भिणीस ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासावयाचे असते. आकडा १४० किंवा अधिक आला तर प्रथम आहार सुधारावयाचा, आणि त्याने न भागल्यास औषध. ही तपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी, आणि मागण्याचे काम सासूने व नवऱ्याने करावे. नातवाचे आरोग्य सुनेच्या ताटात वाढले जात असते.