प्लाझ्मा कटिंग : दाब घटतो, काप बिघडतो

पोलादी पत्रा लीलया कापणारे प्लाझ्मा कटिंग यंत्र एखाद्या दिवशी एकाएकी असहकार पुकारते. ठिणगी उडते आणि विझते, काप तिरका जातो आणि नवा नोझल काही तासांतच जळून जातो. अशा वेळी पहिला संशय यंत्रातील इलेक्ट्रॉनिक भागांवर घेतला जातो. प्रत्यक्षात दोष अनेकदा हवेच्या दाबात असतो आणि तो शोधणे कारखान्यातच शक्य असते.

१९५० च्या दशकात अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीत हे तंत्र विकसित झाले. अरुंद छिद्रातून वेगाने जाणाऱ्या वायूतून विद्युत चाप निर्माण केला जातो. त्याचे तापमान २० हजार अंश सेल्सिअसवर जाते. लहान यंत्रांत वायू म्हणून कॉम्प्रेसरची हवाच वापरतात. ही हवा वितळलेला धातू उडवून लावते, तसेच नोझल व इलेक्ट्रोडला थंडही ठेवते. त्यामुळे दाब घटला की हे सुटे भाग जळतात. दाब प्रमाणाबाहेर वाढला, तर चाप पेटण्यास अडचण येते आणि इलेक्ट्रोड लवकर झिजतो.

हातात धरावयाच्या टॉर्चसाठी साधारणपणे साडेचार ते सहा बार, म्हणजे चौरस इंचास ६५ ते ९० पौंड दाब लागतो. नेमका आकडा यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असतो.

गेज फसवते कसे?

हवा वाहत नसताना गेजवर दिसणारा आकडा दिशाभूल करणारा असतो. सकाळी इमारतीतील सारे नळ एकदम उघडले की वरच्या मजल्यावरील धार बारीक होते, तसेच येथे घडते. म्हणून यंत्रातील गॅस चाचणीची सोय वापरून, हवा वाहत असतानाच दाब पाहावा.

यंत्राच्या प्रवेशाशीच दाब कोसळत असेल, तर दोष मागे आहे. कॉम्प्रेसरची क्षमता अपुरी असणे, नळी अरुंद किंवा फार लांब असणे, जोडण्यांतून गळती होणे ही त्याची नेहमीची कारणे. साबणाचे पाणी लावल्यास गळतीच्या जागी बुडबुडे येतात. प्रवेशाशी दाब स्थिर असून पुढे घटत असेल, तर यंत्रातील फिल्टर तुंबलेला किंवा रेग्युलेटर बिघडलेला असू शकतो. दोन्हीकडे दाब योग्य असेल, तर टॉर्च तपासावा. नोझलचे छिद्र गोल आहे काय, हवेला भोवरा देणारी कडी तडकली आहे काय, हे पाहावे. इलेक्ट्रोडच्या टोकावरील हाफ्नियमचा खड्डा सुमारे दीड मिलिमीटर खोल झाल्यास तो बदलावा.

पावसाळ्यातील शत्रू

मुंबई-कोकणातील दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी झपाट्याने साचते. ते टॉर्चपर्यंत पोहोचले की दाब योग्य असूनही सुटे भाग जळतात. टाकीतील पाणी रोज काढावे आणि फिल्टरच्या जोडीला हवा सुकविणारे ड्रायर बसवावे.

टॉर्च उघडण्यापूर्वी मात्र यंत्राचा वीजपुरवठा बंद करणे अनिवार्य आहे. टॉर्चमध्ये दोनशे व्होल्टहून अधिक दाबाची वीज असू शकते. नळी सोडविण्यापूर्वी तिच्यातील हवाही मोकळी करावी. नोझल बदलून मिळतो; कारागिराचा हात मिळत नाही.