राष्ट्रीय लॉटरी आणि जॅकपॉटचे गणित : ब्रिटनमधील सोडतींचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

‘लॉटरी लागणे’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे की, त्यामागे एक राजकोषीय संस्था उभी आहे याचे सहसा स्मरण राहत नाही. लॉटरीचा विचार बहुधा नीतीच्या अंगाने केला जातो. ती जुगार आहे किंवा नाही, तिने संसार उद्ध्वस्त होतात किंवा कसे, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मात्र जॅकपॉटचा खेळ प्रत्यक्षात कसा चालतो, बक्षिसाची रक्कम कोठून येते आणि ती फुगते कशी, या प्रश्नांकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या मानाने कमी लक्ष दिले आहे. प्रस्तुत लेखात ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. या खेळात दैव तिकीट घेणाऱ्याच्या वाट्याला येते आणि निश्चिती राज्यकोषाच्या. ही विभागणी एका दिवसात झालेली नसून ती सुमारे सव्वाचारशे वर्षांच्या प्रयोगांतून घडली आहे.

दरबारी सोडतीपासून राज्यकर्जापर्यंत

इंग्लंडमधील पहिली राज्यपुरस्कृत सोडत पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातील होय. देशातील बंदरांच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा होता आणि नवा कर लादणे राजसत्तेला सोयीचे नव्हते. इ.स. १५६७ मध्ये जाहीर झालेल्या या सोडतीत प्रत्येकी १० शिलिंग किमतीची ४ लक्ष तिकिटे विकावयाची होती. पहिले बक्षीस ५,००० पौंडांचे होते. त्यातील काही भाग रोख, काही चांदीच्या भांड्यांच्या व उंची वस्त्रांच्या रूपात दिला जाणार होता. किरकोळ गुन्ह्यांसाठी तिकीटधारकास काही दिवस अटकेपासून अभय देण्याचे आमिषही दाखविण्यात आले. एवढे करूनही तिकिटांचा अल्प भागच खपला. ११ जानेवारी १५६९ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या पश्चिमद्वारी सुरू झालेली सोडत मे महिन्यापर्यंत चालली आणि बक्षिसांची रक्कम प्रत्यक्ष विक्रीच्या प्रमाणात घटवावी लागली. १० शिलिंग ही रक्कम सामान्य मजुराच्या आवाक्याबाहेरची होती, हे या अपयशाचे एक उघड कारण म्हणावे लागेल.

इ.स. १६९४ ची ‘मिलियन ॲडव्हेंचर’ ही सोडत अधिक विचारपूर्वक रचलेली होती. फ्रान्सबरोबरच्या युद्धासाठी १० लक्ष पौंड उभारण्याची ही योजना टाकसाळीचा प्रमुख टॉमस नील याने आखली. (याच पदावर त्याच्यानंतर आयझॅक न्यूटन आला.) १० पौंडांच्या १ लक्ष तिकिटांपैकी एकही तिकीट पूर्णतः वाया जाणारे नव्हते. बक्षीस न लागलेल्या तिकिटावरही १६ वर्षे दरसाल १ पौंड मिळावयाचा होता. म्हणजे ही सोडत वस्तुतः राज्याने घेतलेले कर्जच होते. बक्षीस ही त्या कर्जावरील गोडी. बँक ऑफ इंग्लंडची स्थापना त्याच वर्षी झाली, हा केवळ योगायोग नव्हे. विसाव्या शतकात हीच कल्पना ब्रिटनमध्ये प्रीमियम बाँडच्या रूपाने पुन्हा अवतरली. हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९५६ च्या अर्थसंकल्पात आणलेल्या या रोख्यांत मुद्दल सुरक्षित राहते व फक्त व्याजाची सोडत होते.

अठराव्या शतकात सोडतींतून वेस्टमिन्स्टरचा पूल बांधला गेला आणि १७५३ च्या कायद्यानुसार ब्रिटिश म्युझियमसाठी निधी उभा राहिला. हीच पद्धत ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाबरोबर भारतात आली. कलकत्त्याचे टाउन हॉल सोडतीच्या पैशातून उभे राहिले आणि १८१७ मध्ये स्थापन झालेल्या लॉटरी कमिटीने त्या शहरातील अनेक रस्ते आखले. विद्वानांची व पुस्तकविक्रेत्यांची वर्दळ असलेली कॉलेज स्ट्रीट त्यांपैकीच एक होय.

विमा, मटका आणि १८२६ ची बंदी

लंडनच्या गिल्डहॉलमध्ये होणाऱ्या सोडतीत दोन मोठी चक्रे ठेवलेली असत. एका चक्रात तिकिटांचे क्रमांक व दुसऱ्यात बक्षिसांच्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या. ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेतील मुले दोन्ही चक्रांतून एकेक चिठ्ठी काढीत. एकेक क्रमांक असा हाताने काढावयाचा असल्याने सोडत कित्येक दिवस चाले आणि या लांबणीनेच एक वेगळा धंदा जन्मास घातला. पूर्ण तिकीट गोरगरिबांना परवडत नसे. मग अमुक क्रमांक अमुक दिवशी निघेल किंवा नाही यावर चार-सहा पेनींची पैज घेणारी दुकाने निघाली. या पैजेला ‘इन्शुरन्स’, म्हणजे चक्क विमा, असे सभ्य नाव होते. कायद्याने तो वारंवार निषिद्ध ठरविला, तरी तो थांबला नाही.

मराठी वाचकास येथे मुंबईच्या मटक्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर लागणारा हा जुगार १९६० च्या दशकात मुंबईत फोफावला. दोहोंत तत्त्व एकच दिसते. आकडे दुसऱ्याच कोणाच्या व्यवहारातून येतात. ते जाहीर व खात्रीलायक असतात. आणि पैज मात्र चार आण्यांचीही चालते. महाराष्ट्र शासनाने १२ एप्रिल १९६९ पासून राज्य लॉटरी सुरू केली, तेव्हा लोकांना मटक्यासारख्या बेकायदा जुगारापासून दूर ठेवणे हा तिचा एक जाहीर हेतू होता. इंग्लंडचा अनुभव मात्र उलट दिशेचा होता. तेथे अधिकृत सोडतीनेच अनधिकृत पैजेला आकडे पुरविले होते.

१८०८ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीने या विम्याचे व त्यातून ओढवणाऱ्या दारिद्र्याचे दाखले नोंदविले. १८२३ च्या कायद्याने राज्य लॉटरी बंद करण्याचे ठरले आणि १८ ऑक्टोबर १८२६ रोजी शेवटची सोडत झाली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांच्या आसपास ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरी नव्हती.

जेनोवाचे नव्वद आकडे आणि पॅरिसची शर्यत

आतापर्यंत वर्णिलेल्या सोडतीत तिकिटावर क्रमांक आधीच छापलेला असतो व बक्षिसांची यादी आधीच ठरलेली असते. महाराष्ट्र राज्य लॉटरीची परिचित बंपर सोडत मूलतः याच घराण्यातील आहे. जॅकपॉटचा खेळ वेगळ्या घराण्यातून आला. सोळाव्या शतकात जेनोवा नगरराज्यात ठरावीक नावांतून चिठ्ठ्या टाकून ५ जणांची शासनमंडळावर निवड होई आणि लोक त्यावर पैजा लावीत. पुढे नावांच्या जागी १ ते ९० हे आकडे आले व खेळणारा स्वतः आकडे निवडू लागला. ९० पैकी ५ आकडे निघत असता आपण सांगितलेले तीन आकडे त्यांत असण्याची शक्यता ११,७४८ मध्ये १ एवढी असते. बक्षीस मात्र पैजेच्या त्याहून बऱ्याच कमी पटीने दिले जाई. हा खेळ १७५८ मध्ये पॅरिसला आणण्यात कॅसानोव्हा या बहुरंगी व्हेनिशियन गृहस्थाचाही हात होता.

या पद्धतीत राज्याला एक धोका होता. बक्षिसाचा दर ठरलेला असल्याने लोकप्रिय आकडे निघाले तर तिजोरीवर अकस्मात बोजा पडे. दरबाऱ्यांना हीच भीती वाटे. या अडचणीचे उत्तर घोड्यांच्या शर्यतीतून मिळाले. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर याने सर्व पैजा एका सामायिक निधीत जमा करून, आपला भाग कापून, उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटण्याची रीत काढली. निधी चालविणारा यात कधीच हरत नाही. जेनोवाची अंकनिवड आणि ओलरचा सामायिक निधी यांचा संयोग म्हणजे आधुनिक लॉटो होय. जर्मनीत ९ ऑक्टोबर १९५५ रोजी ४९ पैकी ६ आकड्यांची पहिली सोडत झाली आणि तोच साचा पुढे अनेक देशांनी उचलला.

१९९४ चा खेळ

लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय आयोगाने १९७८ मध्ये राष्ट्रीय लॉटरीची शिफारस केली होती. प्रत्यक्ष कायदा जॉन मेजर यांच्या काळात, १९९३ मध्ये, झाला. खेळ चालविण्याचा परवाना कॅमेलॉट या खाजगी कंपनीस मिळाला. १९ नोव्हेंबर १९९४ रोजी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर पहिली सोडत झाली. १ पौंडाचे तिकीट, ४९ पैकी ६ आकडे, शिवाय सातवा ‘बोनस’ आकडा. पहिल्याच सोडतीत जॅकपॉट सात जणांत विभागला गेला.

एका पौंडाचे काय होते, हे पाहणे उद्बोधक आहे. पहिल्या परवान्याच्या काळात स्थूलमानाने ५० टक्के रक्कम बक्षिसांना, २८ टक्के ‘सत्कार्यां’ना, १२ टक्के कर म्हणून सरकारला, ५ टक्के दुकानदाराला आणि उरलेली कंपनीचा खर्च व नफा यांना जाई. ही वाटणी चेंडू फिरण्यापूर्वीच झालेली असते. कोणते आकडे निघाले यावर सरकारचा एक पेनीही अवलंबून नसतो.

४९ पैकी ६ आकड्यांच्या १,३९,८३,८१६ जोड्या होतात. म्हणून एका तिकिटास जॅकपॉट लागण्याची शक्यता तेवढ्यात एक. जितक्या जोड्या तितकीच तिकिटे खपली व सर्वांनी आकडे स्वैरपणे निवडले, तरी कोणासही जॅकपॉट न लागण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के राहते. अशा वेळी ती रक्कम पुढील सोडतीत मिळविली जाते. यालाच रोलओव्हर म्हणतात. थोडक्यात, ज्या भव्य रकमेची जाहिरात होते ती मागच्या आठवड्यात हरलेल्यांनी भरलेली असते. डिसेंबर १९९४ मध्ये पहिल्या रोलओव्हरनंतर एकाच तिकिटास सुमारे १ कोटी ७९ लक्ष पौंड मिळाले आणि वृत्तपत्रांनी देश डोक्यावर घेतला.

पण माणसे आकडे स्वैरपणे निवडीत नाहीत. वाढदिवसांमुळे ३१ पर्यंतचे आकडे अधिक घेतले जातात; सलग आकडे टाळले जातात; तिकिटावर नीटस पसरलेले आकडे मनाला ‘दैवी’ वाटतात. १४ जानेवारी १९९५ रोजी ७, १७, २३, ३२, ३८ व ४२ हे आकडे निघाले. सुमारे ७ कोटी तिकिटे विकली गेली होती. सरासरीच्या हिशेबाने पाचेक विजेते अपेक्षित असताना १३३ निघाले आणि १ कोटी ६२ लक्ष पौंडांहून अधिक रकमेतून प्रत्येकाच्या हाती १,२२,५१० पौंड पडले. चेंडूंनी कोणाशीही पक्षपात केला नव्हता. विजेत्यांची गाठ दैवाशी नव्हे, तर आपल्यासारखाच विचार करणाऱ्या १३२ जणांशी पडली होती. याची दुसरी बाजू अशी की, काही आकड्यांवर गर्दी होते म्हणून काही जोड्या ओसाड राहतात आणि रोलओव्हर अपेक्षेहून अधिक वेळा घडतो. खेळाच्या चालकांना ते हवेच असते.

४९ वरून ५९

१९९७ पासून सोडत आठवड्यातून दोनदा होऊ लागली, २००४ मध्ये अनेक देशांची मिळून युरोमिलियन्स आली आणि जुन्या खेळाचा जॅकपॉट फिका वाटू लागला. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिकीट २ पौंडांचे झाले. त्यावर पुष्कळ ओरड झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये मात्र किंमत तीच ठेवून आकडे ४९ चे ५९ करण्यात आले. दहा चेंडू वाढल्याने फारसे बिघडत नाही असे प्रथमदर्शनी वाटते. वास्तविक जोड्यांची संख्या ४,५०,५७,४७४ झाली, म्हणजे जिंकण्याची शक्यता एकतृतीयांशाहूनही खाली गेली. जानेवारी २०१६ मध्ये जॅकपॉट ६ कोटी ६० लक्ष पौंडांवर पोहोचला व दोन तिकिटांत विभागला गेला. तो इतका वाढावा म्हणूनच जिंकणे कठीण केले होते. १० शिलिंगांचे तिकीट न परवडणारा सोळाव्या शतकातील मजूर निदान किंमत काय आहे हे जाणत होता. शक्यता घटवून केलेली भाववाढ तिकिटावर दिसत नाही.

सामायिक निधीच्या तर्काचे टोक २३ मार्च २०१६ रोजी दिसले. निघालेल्या सहा आकड्यांपैकी ७, १४, २१, ३५ व ४२ हे पाच सातच्या पाढ्यातले होते. पाच आकडे जुळविणारे ४,०८२ जण निघाले आणि प्रत्येकास १५ पौंड मिळाले. त्याच दिवशी केवळ तीन आकडे जुळविणाऱ्यास ठरलेले २५ पौंड मिळाले. २०१८ मध्ये खालच्या श्रेणींची बक्षिसे निश्चित रकमेची करण्यात आली; जेनोवाची रीत मागल्या दाराने परत आली, असे म्हणता येईल.

पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा

उत्पन्नाच्या प्रमाणात पाहता लॉटरीचा भार कमी मिळकतीच्या घरांवर अधिक पडतो, हे अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांत दाखविले आहे. म्हणूनच १९९५ मध्ये चर्चिल यांची कागदपत्रे राष्ट्रासाठी विकत घेताना १ कोटी २० लक्ष पौंडांहून अधिक लॉटरीचा पैसा वापरला गेला आणि लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसच्या पुनर्बांधणीस सुमारे ७ कोटी ८० लक्ष पौंड मंजूर झाले, तेव्हा मोठे वादळ उठले. तिकिटे घेणारे व ऑपेरा ऐकणारे लोक एक नव्हते. क्रीडा, वारसा व स्थानिक संस्था यांना लॉटरीने दिलेले साहाय्य मोठे आहे, हे मान्य करूनही हा आक्षेप खोटा ठरत नाही. खेळण्याची किमान वयोमर्यादा १६ वरून १८ वर नेण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले.

पैसा कोठे खर्च व्हावा यावर अशा प्रकारे संसदेत व वृत्तपत्रांत भरपूर वाद झाले. पैसा कसा गोळा होतो यावर फारच थोडे. अठराव्या शतकात राज्य लॉटरीसाठी संसदेचा कायदा लागे आणि त्यात तिकिटांची संख्या, किंमत व बक्षिसे यांचा तपशील असे. २०१५ मध्ये ४९ चे ५९ करण्यास कायद्यात बदल करावा लागला नाही. गॅम्बलिंग कमिशन या नियामक संस्थेची संमती पुरली. १ फेब्रुवारी २०२४ रोजी खेळाचा परवाना कॅमेलॉटकडून ऑल्विन या कंपनीकडे गेला, तेव्हाही चर्चा झाली ती कंपनीचे मालक कोण आणि सत्कार्यांस किती मिळणार याची. चेंडू ५९ च राहिले.