मुलांच्या न्याहारीला ज्वारी-नाचणीचा केक. मैदा नको, ओव्हनही नको

मुरुड (ता. लातूर) : सकाळी शाळेच्या घाईत चहा अन् बिस्किटाचा पुडा, अशीच न्याहारी आज बऱ्याच घरांत होते. त्यात मैदा आणि साखरच जास्त. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात 6 महिने ते 5 वर्षे वयाच्या 100 मुलांपैकी जवळपास 69 मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. घरात ज्वारी असताना मुलांच्या ताटात मैदा कशाला?

कोणत्या पिठात काय?

- ज्वारी : तंतुमय पदार्थ भरपूर. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत 2018 मध्ये आणलेल्या 'परभणी शक्ती' वाणात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे.
- नाचणी : 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम. हाडे-दातांसाठी चांगली.
- बाजरी : लोह चांगले, पण पीठ लवकर कडवट होते. आठवड्यापुरतेच दळा.

साहित्य

ज्वारीचे पीठ पाऊण वाटी, कणीक अर्धी वाटी, नाचणीचे पीठ पाव वाटी, किसलेला गूळ पाऊण वाटी, दही अर्धी वाटी, तेल किंवा तूप पाव वाटी, शेंगदाण्याचे कूट 2 चमचे, बेकिंग पावडर 1 चमचा, खायचा सोडा पाव चमचा, वेलची.

कृती

1. गूळ अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळा. थंड झाल्यावर दही व तेल घालून फेटा.
2. पिठे चाळून, कूट व वेलची घालून त्यात मिसळा. 15 मिनिटे झाकून ठेवा. ज्वारी पाणी ओढते. घट्ट वाटल्यास थोडे पाणी घाला. पीठ भज्याच्या पिठापेक्षा किंचित सैल हवे.
3. जुन्या कुकरच्या तळाशी वाटीभर मीठ पसरून वर स्टँड ठेवा. शिट्टी आणि रिंग काढून, पाणी न घालता, झाकण लावून 10 मिनिटे तापवा.
4. आता पिठात बेकिंग पावडर व सोडा मिसळा. तेल लावलेल्या भांड्यात ओतून लगेच कुकरमध्ये ठेवा.
5. मंद आचेवर 35 ते 40 मिनिटे भाजा. सुरी टोचून कोरडी निघाली की झाला. पूर्ण थंड झाल्यावरच कापा, नाहीतर भुगा होतो.

केक का फुटतो?

ज्वारी-नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरीला आधण लागते ते त्यामुळेच. म्हणून थोडी कणीक घालायची. एक पिकलेले केळे कुस्करून घातले तरी केक चांगला धरून राहतो. मग गूळ थोडा कमी करा.

हे लक्षात ठेवा

- गूळसुद्धा गोडच आहे. एका वेळी एकच तुकडा, सोबत दूध किंवा फळ द्या.
- चहासोबत देऊ नका. चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. लिंबू, पेरू, आवळ्याने जास्त लागते.
- लहान लेकरांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात.
- मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल तर केवळ खाण्यावर विसंबू नका. आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या.