बाटली क्रमांक ५३ एन

बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे नाव आपल्या सीमाभागात सभा-मेळाव्यांमुळे सर्वांच्या तोंडी आहे. तेथे एके काळी देवीची लस तयार होत असे, हे मात्र नव्या पिढीला सांगावे लागते. लशीचे नाव निघाले की मला नंदगडातील थोरल्या माणसांच्या तोंडच्या ‘पिलेगाच्या साला’च्या गोष्टी आठवतात. गाव सोडून शिवारातल्या झोपड्यांत गेलेली घरे, आणि टोचून घ्यावे की नाही यावरून घराघरांत झालेले वाद! ती भीती अगदीच निराधार नव्हती, हे पुढे वाचनात आले.

मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला. वाल्देमार हाफकिन यांनी त्यावर लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९८ साली आपल्या शेजारच्या हुबळीत ही टोचणी मोठ्या प्रमाणावर झाली. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये लस तयार होऊ लागली. पुढे पंजाबातून फार मोठी मागणी आली. ती वेळेत पुरी व्हावी म्हणून लशीत कार्बोलिक ॲसिड घालण्याची पायरी गाळून केवळ उष्णतेने ती निर्जंतुक करण्याची पद्धत हाफकिन यांनी स्वीकारली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या खेड्यात (आता हे गाव पाकिस्तानात आहे) १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी ५३ एन या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. इतरांना काही झाले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, ती दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. ते निलंबित झाले आणि १९०४ साली हिंदुस्थान सोडून गेले.

वास्तविक त्याच चौकशीच्या कागदांत दुसरी हकीकत नोंदलेली होती. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने कार्बोलिकच्या पाण्यात बुडविला, पण ज्योतीवर धरला नाही. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली उघडताना तिला दुर्गंधी नव्हती. हे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते, तर ती आल्यावाचून राहती ना.

कारण परळला असेल तर उपाय निराळा आणि गावच्या मातीत असेल तर निराळा. आज कारखान्यांत ज्याला सुधारक व प्रतिबंधक कार्यवाही म्हणतात, तिचा पाया हाच: आधी कारण ठरवायचे, मग त्याच कारणावर घाव घालायचा. दोन कारणे संभवत असतील तर दोन्हींचा बंदोबस्त करावा. पडलेले हत्यार पुन्हा वापरू नये. प्रत्येक बाटलीपूर्वी चिमटा ज्योतीवर धरावा. बाटली उघडताना दुसऱ्याने पाहून तशी नोंद करावी. परळलाही दर घाण्याचा नमुना राखून तपासावा. यांत खर्च फारसा नाही. परंतु माणूस दूर केला की प्रकरण मिटल्यासारखे वाटते. माझ्या नोकरीत एका कचेरीत मी असे चौकशी-अहवाल पाहिले आहेत: ‘जबाबदार कोण’ हा रकाना पहिल्याच दिवशी भरलेला, आणि ‘कारण’ या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ हा एकच शब्द. त्या शब्दावर कोणती उपाययोजना करणार? पुढच्या वर्षी तोच दोष, फक्त नाव दुसरे.

सर रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरले. २९ जुलै १९०७ च्या लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरले. ते परत आले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९२५ साली तिला त्यांचेच नाव देण्यात आले, तेव्हा ते युरोपात राहत होते.