विषाच्या डब्यावरील एक शब्द

शस्त्रवैद्यकाचा इतिहास सांगताना शस्त्रांची महती गाण्याचा प्रघात आहे. परंतु दाहक द्रव्य गिळल्याने होणाऱ्या इजेच्या इतिहासात डब्यावर चिकटविलेल्या एका चिठ्ठीचेही स्थान मोठे आहे. ती चिठ्ठी कशी आली, हे आज सांगावयाचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील अनेक घरांत दाहक क्षार, म्हणजे आपण ज्याला कॉस्टिक सोडा म्हणतो तो, ठेवलेला असे. साबण करावयास, फरशी घासावयास, तुंबलेली मोरी मोकळी करावयास तो लागे. दिसावयास पांढरा शुभ्र. लहान मुलाने साखर समजून तोंडात टाकला की अनर्थ ओढवे. आम्लाने भाजलेल्या भागावर बहुधा खपली धरते व पुढील दाह काही अंशी अडतो. क्षार मात्र मांस विरघळवीत खोल उतरतो. या पहिल्या आघातातून मूल वाचले, तरी संकट टळत नसे. जखम भरताना व्रण आकसे, काही आठवड्यांत अन्ननलिका अरुंद होई, आणि घरात अन्न असूनही मूल उपाशी मरे.

अशा रोग्याला जगविण्याची एक वाट पोटावरून निघाली. पॅरिस येथे १८७६ साली आरिस्तीद व्हेर्नय यांनी दाहक क्षाराने अन्ननलिका बंद झालेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या जठराला बाहेरून छिद्र पाडले आणि त्यातून अन्न घालून त्याला वाचविले. प्राण राहिले, पण घास गिळणे राहून गेले.

ते परत मिळवून देण्यासाठी पिट्सबर्गचे डॉ. शेव्हालिए जॅक्सन (१८६५–१९५८) झटले. टोकाशी इवलासा दिवा असलेली नळी घशातून उतरवून ते अन्ननलिका आतून पाहत, अडकलेला पदार्थ काढीत आणि आकसलेली वाट हळूहळू रुंद करीत. आत्मचरित्रात त्यांनी सात वर्षांच्या एका मुलीची आठवण सांगितली आहे. आठवडाभर तिच्या घशाखाली पाणीही उतरले नव्हते. अडथळा काढल्यावर तिने भीत भीत एक घोट घेतला, मग दुसरा. आणि पेला बाजूला सारून तिने डॉक्टरांच्या हाताचे चुंबन घेतले.

एवढे यश पाहून दुसरा कोणी समाधान मानता. जॅक्सन यांना मात्र जाणवले, की अशी मुले आपल्यापर्यंत येण्याचीच गरज नव्हती. किराणा मालाबरोबर मिळणाऱ्या त्या डब्यावर ‘विष’ हा शब्द छापण्याची सक्ती देशभर लागू नव्हती. ती व्हावी म्हणून त्यांनी अनेक वर्षे खटपट केली. अखेर ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी केंद्रीय दाहक विष कायद्यावर सही केली. डब्यावर द्रव्याचे नाव, मोठ्या अक्षरांत ‘विष’ हा शब्द आणि उपचाराची सूचना छापणे बंधनकारक झाले. पुढे १९७० च्या कायद्याने मुलांना सहज उघडता न येणारी झाकणे आली.

उपचारही आता बदलले आहेत. क्षारावर व्हिनेगर वा लिंबाचा रस पाजण्याची जुनी रीत सोडून देण्यात आली आहे. कारण त्या संयोगाने उष्णता निर्माण होते. उलटीही करवीत नाहीत. वर येणारे द्रव्य तीच वाट दुसऱ्यांदा जाळते. रोग्याला त्वरित रुग्णालयात न्यावे, व द्रव्याची बाटली सोबत घ्यावी. तेथे बहुधा पहिल्या दिवसातच लवचिक दुर्बीण घालून इजा किती खोल आहे ते पाहतात. अरुंद वाट फुग्याने रुंद करतात. अन्ननलिका निकामीच झाली, तर मोठ्या आतड्याचा किंवा जठराचा भाग वर आणून तिच्या जागी जोडतात. असे रोगी पुष्कळ वर्षे तपासणीत ठेवावे लागतात, कारण होरपळलेल्या अन्ननलिकेत पुढे कर्करोगाचा धोका अधिक असतो.

परंतु डब्यावरची चिठ्ठी डब्याबरोबरच राहते. न्हाणीघर धुण्याचे अ‍ॅसिड आपण सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवतो, तेव्हा जॅक्सन यांनी एवढ्या कष्टाने छापविलेला तो शब्द आपणच पुसून टाकतो. आज रात्री निजण्यापूर्वी आपल्या मोरीजवळचा कोनाडा एकदा पाहावा, एवढीच विनंती.